मालकाची मुभा आणि दलालाची मुदत : अमेरिकेतील घरविक्रीच्या कराराचा इतिहास

घर विकू पाहणारा मालक आणि त्याच्यासाठी गिऱ्हाईक शोधून देणारा दलाल यांच्यातील कराराला अमेरिकेत ‘लिस्टिंग करार’ म्हणतात. या कराराने घराची मालकी कोणाकडे जात नाही, आणि बहुतेक वेळा खरेदीखतावर सही करण्याचा अधिकारही दलालाला मिळत नाही. त्याने घर बाजारात मांडावे, येणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलणी करावीत आणि सौदा जुळला तर ठरल्या दराने दलाली घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ असतो. वरवर पाहता हा मामला साधा दिसतो. तरीही दिलेला अधिकार मालकाला मुदतीआधी परत घेता येतो का, घेतल्यास त्यासाठी काय मोजावे लागते आणि मुदत संपल्यावर दलालाचा हक्क पूर्णपणे संपतो का, या तीन प्रश्नांनी अमेरिकी न्यायालयांना आणि राज्यांच्या विधिमंडळांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले आहे. हा इतिहास तपासला असता असे दिसते, की अधिकार परत घेण्याची मालकाची मुभा फारशी कधी ढळली नाही. बदलत राहिली ती त्या मुभेची किंमत, आणि फुकट गेलेल्या श्रमाचा भार मालकाने सोसायचा की दलालाने, याचा निवाडा.

या मुभेचे मूळ एजन्सीच्या म्हणजे प्रतिनिधित्वाच्या कायद्यात आहे. एकाने दुसऱ्याच्या वतीने वागायचे असेल, तर त्यामागे पहिल्याची इच्छा उभी असली पाहिजे आणि ती इच्छा संपली की अधिकारही संपला पाहिजे, हे इंग्रजी परंपरेतून आलेले तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२३ मध्ये ‘हंट विरुद्ध रूसमॅनियर’ या खटल्यात पक्के केले. ऱ्होड आयलंडमधील एका कर्जदाराने कर्जाच्या हमीसाठी आपल्या जहाजांमधील हिस्सा विकण्याचे मुखत्यारपत्र सावकाराला दिले होते आणि कर्ज फिटण्यापूर्वीच तो मरण पावला. मुखत्यारपत्र त्याच्यामागे टिकेल का, हा प्रश्न होता. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी असा निर्णय दिला, की ज्या मालमत्तेबद्दल अधिकार दिला आहे, त्या मालमत्तेतच अधिकार घेणाऱ्याचा हितसंबंध असेल तरच तो अधिकार देणाऱ्याच्या मृत्यूनंतर टिकतो. विक्री झाल्यावर हाती येणाऱ्या पैशातला हितसंबंध त्यासाठी पुरेसा नाही. घरदलालाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरला, कारण त्याची आस दलालीवर असते, घरावर त्याचा हक्क नसतो. त्यामुळे मालकाने ‘आता थांबा’ म्हटले की दलालाचा अधिकार तेथेच संपतो, हा नियम पुढच्या साऱ्या वादांचा पाया झाला.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकी शहरांमध्ये घरे आणि प्लॉट विकण्याची जी पद्धत होती, तिला पुढे ‘खुले लिस्टिंग’ असे नाव पडले. मालक एकाच वेळी अनेक दलालांना सांगून ठेवी, त्यांपैकी जो गिऱ्हाईक आणून उभे करील त्यालाच दलाली मिळे, आणि मालकाने स्वतःच गिऱ्हाईक गाठले तर कोणालाच काही मिळत नसे. कायद्याच्या नजरेत हा मालकाने जाहीर केलेला एकतर्फी प्रस्ताव होता. दलाल काम करण्यास बांधलेला नव्हता आणि काम पुरे होईपर्यंत मालकही प्रस्ताव मागे घेण्यास मोकळा होता. या व्यवस्थेतील हक्कांची सर्वांत नेमकी मांडणी न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १८८१ मध्ये ‘सिबाल्ड विरुद्ध बेथलहेम आयर्न कंपनी’ या निकालात केली. खटला होता रेल्वेच्या रुळांच्या विक्रीवरील दलालीचा, पण न्यायमूर्ती फिंच यांनी सांगितलेले नियम घरदलालीतही प्रमाण मानले गेले. दलालाने कितीही वेळ आणि पैसा खर्च केला, तरी सौदा जुळला नाही तर तो नुकसानीचा धनी स्वतःच असतो; मुदत ठरलेली नसेल तर दोघांपैकी कोणीही केव्हाही संबंध तोडू शकतो; आणि मालकाने प्रामाणिकपणे संबंध तोडल्यानंतर त्याच दलालाने पूर्वी आणलेल्या गिऱ्हाइकाशी पुढे सौदा झाला, तरी दलाली मिळत नाही. याला अपवाद एकच होता. बोलणी यशाच्या उंबरठ्यावर आली असताना केवळ दलाली बुडवण्यासाठी मालकाने दलालाला दूर केले, तर ते अप्रामाणिक वर्तन ठरून दलाली द्यावी लागे.

नियम स्पष्ट असला तरी व्यवहारात त्यातून तंटेच अधिक उद्भवले. एका दलालाने घर दाखवायचे, दुसऱ्याने भाव उतरवायचा आणि तिसऱ्याने इसाराची रक्कम स्वीकारायची, असे झाले की सौदा नेमका कोणाच्या प्रयत्नाने घडला, हे ठरवावे लागे. ‘सौदा घडवून आणणारे मूळ कारण’ नावाची कसोटी न्यायालयांनी यासाठीच वापरली. केवळ ओळख करून दिली एवढ्याने भागत नसे, त्या ओळखीपासून सौद्यापर्यंत अखंड साखळी दाखवावी लागे. दुसरीकडे दलालांची तक्रार अशी, की जाहिरातीचा खर्च करावा आणि मोबदला दुसऱ्याच्या पदरात पडावा, अशा स्थितीत कोणताही शहाणा माणूस एका घरासाठी मनापासून झटणार नाही. या तक्रारीमागे तथ्य होते, आणि तिला संघटित रूप मिळाले ते शहरोशहरी स्थापन झालेल्या दलालांच्या मंडळांमधून. १९०८ मध्ये शिकागो येथे या मंडळांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, १९१३ मध्ये तिने आपली आचारसंहिता स्वीकारली, आणि एका घरासाठी एकच दलाल नेमावा, या प्रथेचा आग्रह तिने पुढच्या दशकांत सातत्याने धरला.

या आग्रहातून कराराचे दोन नवे प्रकार रूढ झाले. पहिल्यात, म्हणजे एकाधिकार एजन्सीत, मालक दुसरा दलाल नेमत नाही, पण स्वतः गिऱ्हाईक शोधले तर दलाली वाचवू शकतो. दुसऱ्यात, म्हणजे विक्रीच्या एकाधिकारात, ठरलेल्या मुदतीत घर कोणीही विकले, अगदी मालकाने आपल्या मेव्हण्याला विकले, तरी दलाली द्यावीच लागते. हा दुसरा प्रकारच आज अमेरिकेत सर्वाधिक प्रचलित आहे. तिसराही एक प्रकार होता, त्याला ‘निव्वळ लिस्टिंग’ म्हणत: मालकाने हाती हवी असलेली रक्कम सांगायची आणि त्यावर मिळेल ते सारे दलालाने ठेवायचे. घराचा खरा भाव मालकापासून दडवण्याचा मोह त्यात उघडच होता, म्हणून अनेक राज्यांनी त्यावर बंदी घातली. एकाधिकाराच्या करारामुळे कायद्यातले चित्रही पालटले. दलालाने जाहिरात करण्याचे आणि प्रामाणिक प्रयत्नांचे वचन दिल्यामुळे जुना एकतर्फी प्रस्ताव आता दुतर्फी करार झाला, आणि मालकाने मुदतीआधी माघार घेतली तर दलालाचा अधिकार संपला तरी करारभंगाची भरपाई मागण्याचा हक्क मात्र उरू लागला. अधिकार काढून घेण्याची ताकद असणे आणि तसे करण्याचा हक्क असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सामान्य घरमालकाला प्रथमच खिशातून पैसे जाताना कळू लागले.

एकाधिकाराच्या करारालाच जोडून ‘मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस’ ही व्यवस्था वाढली. एका दलालाकडे आलेले घर त्याने मंडळाच्या सामाईक यादीत नोंदवायचे आणि दुसऱ्या सभासदाने गिऱ्हाईक आणले तर दलाली वाटून घ्यायची, अशी तिची रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दलाल आपल्या स्थानिक मंडळाच्या कचेरीत जमून माहितीची जी देवघेव करीत, तिचेच हे नियमबद्ध रूप होते. मालकाला त्याचा लाभ झाला, कारण एकाच करारावर त्याचे घर शहरातील बहुतेक दलालांपर्यंत पोहोचू लागले. पण यादी सभासदांपुरती होती आणि सभासदत्व सर्वांना खुले नव्हते. राष्ट्रीय संघटनेच्या १९२४ च्या आचारसंहितेत विशिष्ट वंशाच्या लोकांना एखाद्या वस्तीत आणून तेथील घरांचे भाव उतरवू नयेत, अशा आशयाचे कलम होते. कृष्णवर्णीय दलालांना मंडळांची दारे बंद असल्यामुळे त्यांनी १९४७ मध्ये स्वतःची वेगळी राष्ट्रीय संघटना काढली. दराच्या बाबतीतही मंडळांचा शब्द प्रमाण मानला जाई. सभासदांनी मंडळाने ठरवलेल्या दरानेच दलाली घ्यावी, हा वॉशिंग्टनच्या मंडळाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवला.

करार मंडळाच्या छापील नमुन्यावर होऊ लागल्यावर सही करणाऱ्या मालकाला संरक्षण देण्याची जबाबदारी राज्यांवर आली. कॅलिफोर्नियाने दलालांना परवाना सक्तीचा करणारा कायदा १९१७ मध्ये केला, न्यायालयाने तो रद्द ठरवल्यावर १९१९ मध्ये नव्याने केला, आणि हळूहळू इतर राज्ये त्याच वाटेने गेली. दलालीचा करार लेखी असल्याखेरीज दलालीचा दावा चालणार नाही, असे अनेक राज्यांनी ठरवले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार एकाधिकाराच्या करारात तो कोणत्या तारखेला पूर्णपणे संपेल हे लिहिलेले नसेल, तर दलालाचा परवानाच धोक्यात येतो. मालकाने काही न कळवल्यास करार आपोआप पुढे चालू राहील, अशा कलमालाही बऱ्याच राज्यांत मज्जाव आहे. न्यूयॉर्कच्या नियमांत तर एक ते तीन कुटुंबांच्या घरासाठी करार करताना एकाधिकार एजन्सी आणि विक्रीचा एकाधिकार यांतील फरक साध्या शब्दांत छापून त्याखाली मालकाची सही घ्यावी लागते. या साऱ्या तरतुदींचा रोख मुदतीवर होता. करार मोडण्याचा प्रसंग येऊच नये, तो आपल्या तारखेला आपोआप संपावा, अशी त्यांची रचना होती.

मुदतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न दलाली कोणत्या क्षणी देय होते हा होता. जुन्या अमेरिकी नियमाप्रमाणे ‘तयार, राजी आणि समर्थ’ गिऱ्हाईक आणून दिले की दलालाचे काम पुरे झाले. मालकाने त्याच्याशी करार केला म्हणजे त्याला समर्थ मानले, असे गृहीत धरले जाई, आणि पुढे गिऱ्हाइकाला पैसे उभे करता आले नाहीत तरी दलालीचा बोजा मालकावर पडे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ‘एल्सवर्थ डॉब्स’ या खटल्यात हा नियम उलथवला. एका शेतजमिनीच्या सौद्यात विकसकाला भांडवल उभे न करता आल्याने व्यवहार फिसकटला होता आणि दलालाने मालकाकडे दलाली मागितली होती. न्यायालयाने म्हटले, की सामान्य मालक विक्रीच्या रकमेतूनच दलाली देण्याच्या अपेक्षेने दलाल नेमतो, म्हणून खरेदीखत होऊन पैसे हाती आल्यावरच दलाली पिकते. मालकाच्याच चुकीने व्यवहार मोडला तर गोष्ट वेगळी. पुढे मॅसॅच्युसेट्ससह आणखी काही राज्यांनी हेच मत स्वीकारले. आज न्यू जर्सीतील एडिसन आणि आसपासच्या गावांत घरे विकणाऱ्या मराठी कुटुंबांनाही याच नियमाचा आधार मिळतो.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच, १९४१ मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘लक्सर विरुद्ध कूपर’ या निकालात दिले होते. चित्रपटगृहांच्या विक्रीवर दहा हजार पौंडांची दलाली ठरली होती, ती विक्री पूर्ण झाल्यावर मिळायची होती, आणि गिऱ्हाईक तयार असताना मालक मागे फिरले. मालकाने दलालाच्या कमाईत आडकाठी आणू नये, अशी अट न लिहिताही करारात गृहीत धरावी, हा दलालाचा युक्तिवाद फेटाळला गेला. लॉर्ड रसेल यांनी दाखवून दिले, की आठ-नऊ दिवसांच्या कामासाठी लॉर्ड चान्सेलरच्या वर्षभराच्या वेतनाइतकी रक्कम मिळणार असेल, तर त्यासाठी माणूस धोका पत्करतोच. मोठ्या दलालीतच तिच्या हुकण्याचा धोका समाविष्ट असतो, हा विचार त्यामागे होता. धोका नको असेल तर दलालाने तसे स्पष्ट लिहून घ्यावे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ झाला.

अमेरिकी दलालांनी नेमके तेच केले. विक्रीच्या एकाधिकाराच्या नमुन्यात माघारीचे कलम आले: मुदतीत मालकाने घर बाजारातून काढून घेतले, तर ठरलेली पूर्ण दलाली द्यावी. पाम स्प्रिंग्ज येथील एका घराच्या बाबतीत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये या कलमाची परीक्षा केली. सात महिन्यांचा करार होता, अपेक्षित किंमत अडीच लाख डॉलर होती आणि दर सहा टक्के. मालकिणीने मुदत संपण्याआधीच घर विक्रीतून काढल्यावर दलालाने पंधरा हजार डॉलरचा दावा केला. ही रक्कम झालेल्या नुकसानीशी न जुळणारा दंड आहे, म्हणून ती वसूल होऊ नये, हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. मालकिणीपुढे दोन मार्ग खुले होते, मुदत संपेपर्यंत घर विक्रीस ठेवणे किंवा ठरलेली रक्कम भरून ते काढून घेणे. तेव्हा ही रक्कम दंड नसून दुसऱ्या मार्गाचे मोल आहे, असे बहुमताने ठरले. माघारीची मुभा शाबूत राहिली, पण तिच्यावर आता किमतीची चिठ्ठी लागली.

दुसरे कलम मुदतीनंतरच्या काळासाठी आले, त्याला संरक्षणाचे कलम म्हणतात. करार चालू असताना दलालाने ज्यांना घर दाखवले त्यांची नावे तो मुदत संपताना लेखी देतो, आणि त्यांपैकी कोणी पुढच्या ठरलेल्या काळात घर घेतले तर दलाली देय होते. मालकाने गिऱ्हाइकाला ‘महिनाभर थांबा, करार संपू द्या’ असे सांगून दलालाला बाजूला सारण्याची युक्ती यामुळे बंद झाली. १८८१ च्या निकालात ज्याचा निवाडा मालकाच्या प्रामाणिकपणावरून होत असे, त्याचा निवाडा आता नावांच्या यादीवरून आणि तारखांवरून होऊ लागला. मालकाने दुसरा दलाल नेमला, तर त्याच घरावर दोन दलाल्या द्याव्या लागू नयेत म्हणून अनेक नमुन्यांत तशी सूटही घातलेली असते. ती आहे की नाही हे पाहणे मालकाच्याच हिताचे असते. मुदतीआधी संबंध संपवायचा असेल तर रूढ मार्ग परस्परसंमतीच्या मुक्तीपत्राचा आहे. त्यात केवळ घर यादीतून काढल्याचे लिहिले असेल तर करार जिवंत राहतो. दोघेही सर्व देण्याघेण्यातून मोकळे झाल्याचे लिहिले असेल तरच तो संपतो.

किंमत लावण्याची ही पद्धत कोणत्या टोकाला जाऊ शकते, हे अलीकडेच दिसून आले. फ्लोरिडातील एका कंपनीने घरमालकांना काहीशे ते काही हजार डॉलर रोख देऊन त्या बदल्यात चाळीस वर्षांचा एकाधिकार लिहून घेतला. करार मोडल्यास घराच्या किमतीच्या तीन टक्के रक्कम देय होती, बंधन वारसांवरही होते, आणि त्याची नोंद मालमत्तेच्या सरकारी दप्तरी केल्यामुळे घर विकताना किंवा त्यावर कर्ज काढताना ती बोजासारखी आडवी येई. २०२२ पासून अनेक राज्यांच्या ॲटर्नी जनरलांनी दावे लावले आणि २०२३ पासून राज्यामागून राज्याने अशा दीर्घ मुदतीच्या, जमिनीला चिकटणाऱ्या करारांवर बंदी घालणारे कायदे केले. १८२३ च्या निकालाने दलालाचा हितसंबंध घरापासून वेगळा ठेवला होता. या करारांचा खटाटोप तो घराशी बांधण्याचाच होता. याच सुमारास सामाईक यादीतील दलाली वाटून घेण्याची जुनी रीतही न्यायालयापुढे आली: २०२३ च्या ऑक्टोबरात मिसुरीतील ज्यूरीने दलालीच्या वाटणीच्या नियमांविरुद्ध निकाल दिला, त्यानंतर राष्ट्रीय संघटनेने २०२४ मध्ये ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून सामाईक यादीत गिऱ्हाइकाच्या दलालाचा मोबदला जाहीर करणे बंद झाले.

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यूयॉर्कसाठी तयार केलेली दिवाणी संहिता न्यूयॉर्कने नाकारली, पण कॅलिफोर्नियाने ती १८७२ मध्ये स्वीकारली. आणि त्याच वर्षी संमत झालेल्या भारतीय करार कायद्यातही तिच्यातील काही तरतुदी उतरल्या. या कायद्याचे दहावे प्रकरण एजन्सीविषयी आहे. कलम २०३ नुसार मालक बांधला जाण्यापूर्वी तो दिलेला अधिकार केव्हाही काढून घेऊ शकतो. ठराविक काळाचा करार असेल तर कलम २०५ नुसार सबळ कारणाशिवाय काढल्याची भरपाई द्यावी लागते, आणि कलम २०६ वाजवी पूर्वसूचना मागते. कलम २०७ चे उदाहरण तर थेट घराचेच आहे: घर भाड्याने देण्याचा अधिकार दुसऱ्याला दिल्यावर मालकाने ते स्वतःच भाड्याने दिले, तर तो अधिकार न बोलता रद्द झाला. कलम २०८ प्रमाणे रद्द केल्याची बातमी दलालाला कळेपर्यंत मात्र त्याने केलेले व्यवहार मालकाला बांधतात, आणि कलम २१९ नुसार वेगळा करार नसल्यास काम पुरे होईपर्यंत मोबदला देय होत नाही.

महाराष्ट्रात जुन्या घरांची विक्री बहुधा तोंडी शब्दावर, एकाच वेळी चार दलालांना सांगून होत आली आहे. १ मे २०१७ पासून पूर्णपणे अंमलात आलेल्या रेरा कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली, पण त्या कायद्यातील दलालाची व्याख्या गृहप्रकल्पाशी बांधलेली आहे. सोसायटीतील वीस वर्षांचा फ्लॅट विकणारा मालक आणि त्याचा दलाल यांचे नाते आजही मुख्यतः १८७२ च्या कायद्यावरच तोलले जाते. त्या दृष्टीने येथील मालक १८८१ च्या न्यूयॉर्कमधील मालकाइतकाच मोकळा आहे: संबंध तोडण्यास त्याला किंमत पडत नाही, आणि त्याच्या घरासाठी कोणी एक दलाल मनापासून झटेल याची हमीही नसते. मोठ्या शहरांतील दलाली संस्था आता लेखी एकाधिकार मागू लागल्या आहेत. अशा करारावर सही करणाऱ्या मालकाने दराची घासाघीस करण्याआधी संपण्याची तारीख, माघारीचे कलम आणि मुदतीनंतरचा संरक्षणकाळ या तीन ओळी वाचाव्यात, असा या इतिहासाचा निष्कर्ष आहे. कारण दलालाला ‘आता नको’ म्हणण्याचा मालकाचा अधिकार कायद्याने कधीच काढून घेतलेला नाही, मात्र त्या दोन शब्दांचे मोल सही करतानाच ठरून गेलेले असते.